मदत हवी आहे: घरातल्या १४ दारांची ऑर्डर द्यायचीय, नेमकी कुठली मापं लिहू?

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

दोन मजली घराचं काम चालू आहे, मी आणि भाऊ मिळून बघतोय आणि दोघांनाही बांधकामातलं ओ की ठो कळत नाही. आतली एकूण १४ दारं आहेत. खोल्यांची ६, बाथरूम टॉयलेटची ४, किचन, स्टोअर, जिन्याखालची बारकी खोली आणि एक गॅरेजमधून घरात यायचं. चौकटी लाकडी आहेत आणि सगळ्या बसल्यात, गिलावा झालाय, फरशी खाली झालीय, वरची बाकी आहे. ठेकेदार म्हणतात यादी आत्ताच देऊन टाका म्हणजे वरची फरशी होईपर्यंत दारं येऊन पडतील. पटतं, पण आधीच एकदा हात पोळलेत.

झालं असं की नमुना म्हणून फक्त स्टोअरचं दार मागवलं होतं. प्लॅनवर ९०० बाय २१००. दुकानातून फोन आला की फुटात सांगा, भाऊ म्हणाला ३ बाय ७, आणि आलं ते इमानदारीत ३ बाय ७ आलं, म्हणजे ९१४ बाय २१३४! सुतारकाकांनी दोन्ही बाजूंनी तासलं आणि खालून चांगलं दोन इंच कापलं तर खालची लाकडी पट्टी जवळजवळ सगळी गेली आणि आतून भुश्याचा दाबलेला बोर्ड निघाला, त्यात मधे मधे मोकळ्या नळ्या. आम्ही तर सॉलिड समजून घेतलेलं. दुकानदाराशी भांडायला पण तोंड नाही कारण माप आपलंच.

तर आता विचारायचंय ते असं की प्लॅनवरचं माप द्यायचं की चौकटीचं मोजून द्यायचं, मोजायचं तर कुठून कुठे, जाडी ३० घ्यावी की ३५, बाथरूमला पण हेच फ्लश डोअर (दोन्हीकडून सपाट असतं ते) चालेल का डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेलं) घ्यावं, आणि यादीत डावं उजवं लिहायला सांगितलंय ते आतून बघून की बाहेरून??

---

प्रतिसाद:

ताई, स्टोअरच्या दारावर निभावलं हे नशीब समजा, १४ च्या १४ आली असती तर? प्लॅनवरचं माप ऑर्डरला कधीच द्यायचं नाही. त्या ९००चा आर्किटेक्ट एक अर्थ लावतो, गवंडी दुसरा आणि दुकानदार तिसरा. भिंतीतलं भगदाड, चौकटीचं बाहेरचं माप आणि पल्ल्याचं माप (पल्ला म्हणजे चौकट सोडून नुसतं दार) ही तीन वेगळी मापं आहेत. समजा भगदाड १००० मिमी आहे, चौकटीचं लाकूड ६५चं आणि त्याला १२ची खाच (दार लागल्यावर पल्ला जिच्यात बसतो ती), तर दोन्हीकडे ३-३ची फट सोडून पल्ला बसतो ८८८चा. दार एकच आणि दोन आकड्यांत ११२ मिमीचा फरक, मग कोणी कुठला आकडा धरला त्यावर तुमचं दार ठरणार.

तुमच्या चौकटी बसल्यात म्हणजे काम सोपं झालंय. खाचेपासून खाचेपर्यंत मोजा, रुंदी वर, मधे आणि खाली अशी तीनदा, उंची दोन्ही बाजूंना, वरच्या खाचेपासून तयार फरशीपर्यंत. सगळ्यात लहान आकडा धरायचा. समजा रुंदी ८८६, ८८४, ८८९ आली तर ८८४ धरा, दोन्हीकडे ३-३ मिमी फट, पल्ला ८७८. उंची २०९२ भरली तर वर ३ आणि खाली ८ सोडून २०८१. मग दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले नाहीत तर चौकट गुण्यात नाही (म्हणजे कोपरे काटकोनात नाहीत), ते दार यायच्या आधी सुताराला दाखवा. ओळंबा पण लावून बघा, चौकट ओळंब्यात नसेल तर दार आपोआप उघडतं नाहीतर आपोआप लागतं आणि मग सगळे बिजागरीला शिव्या घालत बसतात.

वरच्या मजल्याची उंची फरशी झाल्याशिवाय देऊ नका. ठेकेदार म्हणेल फरशीचे ५० मिमी धरा, त्याचे ५० प्रत्यक्षात ४० पण होतात आणि ६५ पण. आणि सगळं मिमीतच लिहा, आधी रुंदी मग उंची, आणि तसं यादीच्या डोक्यावर स्पष्ट लिहून टाका, कारण काहीजण उलटं वाचतात.

डावं उजवं तर लिहूच नका. जर्मन पद्धतीत दार आपल्याकडे ओढताना बिजागरी ज्या हाताला ती बाजू, अमेरिकन पद्धतीत बाहेर उभं राहून बघतात आणि दार पुढे ढकलायचं असेल तर ज्या बाजूला बिजागरी तेच नाव. म्हणजे आत ढकलायचं एकच दार एकाकडे उजवं, दुसऱ्याकडे डावं. प्रत्येक दाराचं छोटं चित्र काढा, बिजागरी कुठे, कुठल्या खोलीत उघडतं, बस.

---

प्रतिसाद:

वरच्यांचं बरोबर आहे पण एक गोष्ट मी वेगळी करीन. सनमायका किंवा फॅक्टरी फिनिश येणार असेल तर नेमकं मापच द्या. पण कच्चं फ्लश डोअर घेऊन जागेवर रंग किंवा व्हिनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) करणार असाल तर माप ४-५ मिमी मोठंच द्या. चौकट कधीच सरळ नसते, सुतार रंधा मारून तिच्या वाकडेपणाला दार जुळवतो, लहान आलेलं दार काही मोठं करता येत नाही. फक्त चारी कडांना सलग लाकडाची लिपिंग (कडेची पट्टी) हवी, कडेला नुसता प्लाय दिसत असेल तर रंधा कशावर मारणार.

जाडीचं, आधी चौकटीची खाच मोजा! खाच ३२ची पाडली असेल आणि तुम्ही ३५चं दार आणलंत तर ते ३ मिमी बाहेर डोकावत राहणार, आयुष्यभर डोळ्यात खुपेल. खाच चालत असेल तर माझं मत ३५, मॉर्टाइज लॉकची (दाराच्या जाडीत बसवायच्या कुलपाची) खोबण पाडल्यावर दोन्ही बाजूंना जरा बरं लाकूड उरतं. आणि आत काय भरलंय ते लेखी घ्या, "सॉलिड" शब्दाला काही अर्थ नाही, ब्लॉकबोर्ड, पार्टिकल बोर्ड, नळ्यांचा बोर्ड का कागदाची जाळी ते नावानिशी लिहून घ्या. पोकळ प्रकारातलं असेल तर कुलुपाच्या जागी लाकडी ठोकळा कुठल्या बाजूला टाकलाय हे विचारा, नाहीतर हँडलचे स्क्रू वर्षभरात गरगर फिरतात. बिजागऱ्या तीन तरी हव्यातच.

---

प्रतिसाद:

बाथरूमबद्दल. पाणी बहुतेक वेळा खालच्या कडेने दारात शिरतं, आणि तीच कड रंगवायची राहून जाते कारण ती कोणाला दिसत नाही. लाकडी दार घेतलंत तर बसवायच्या आधी वरची आणि खालची कड रंगवून घ्या, एकदा टांगल्यावर कोणी काढत नाही. एका बाजूला सनमायका आणि दुसरीकडे नुसता रंग असंही करू नका, दोन बाजू वेगवेगळा दमटपणा ओढतात आणि दाराला बाक येतो.

डब्ल्यूपीसी पाण्याला चांगलं, मी तेच लावलंय. पण हलक्या प्रतीच्या मालात स्क्रू धरत नाही आणि उन्हात ते लाकडापेक्षा जास्त प्रसरण पावतं, खिडकीतून थेट ऊन येणार असेल तर फट जरा सढळ ठेवा. एक्झॉस्ट फॅन असेल तर दाराखाली १०-१५ मिमी जागा हवीच, पंख्याला हवा तिथूनच मिळते. घरात वयस्कर कोणी असेल तर बाथरूमचं दार बाहेर उघडेल असं बघा, आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्यांनाच अडतं. खाच ज्या बाजूला, दार त्याच बाजूला उघडतं, आणि चौकटी लागल्यात म्हणजे खाच कुठल्या बाजूला आहे ते आत्ताच बघावं लागेल.

---

धागाकर्ती:

बापरे, किती सविस्तर, मनापासून आभार सगळ्यांचे. काल दिवसभर मी आणि भाऊ टेप घेऊन फिरलो. १४ पैकी ११ चौकटी ठीक. किचनच्या चौकटीच्या कर्णात ११ मिमी फरक निघाला, सुतारकाका आधी म्हणाले चालतंय, मग स्वतः गुण्या लावला आणि गप्प झाले. खालच्या दोन्ही बाथरूमच्या चौकटींची खाच आतल्या बाजूला निघाली, आई राहणार आहे तिथे, म्हणून त्या काढून उलट्या लावायच्या ठरवलंय. ठेकेदार वैतागले पण करतायत.

खाच ३५ची आहे म्हणून जाडी ३५. आत्ता फक्त खालच्या मजल्याची ऑर्डर देतोय, वरची फरशीनंतर. स्टोअरचं ते कापलेलं दार जिन्याखालच्या खोलीला होईल का बघतोय, तिथली चौकट बुटकी आहे. आईसाठी अजून एक, पुढेमागे व्हीलचेअर लागली तर ८७८चं दार पुरेल का? आणि गॅरेजच्या दाराचं कोणीच काही बोललं नाही, तेही बाकीच्यांसारखंच घेऊ ना?

---

प्रतिसाद:

व्हीलचेअरला पल्ल्याची रुंदी धरायची नाही, दार ९० अंशात उघडल्यावर उरते ती मोकळी जागा धरायची. अमेरिकेच्या नियमात ती किमान ३२ इंच लागते, म्हणजे ८१५ मिमीच्या जवळपास. ८७८च्या पल्ल्यात खाच आणि उघड्या दाराची जाडी वजा होऊन ८२०च्या आसपास उरतं, म्हणजे अगदी काठावर. बिजागरी अशी निवडा की दार ९०च्या पुढे पूर्ण भिंतीकडे जाईल, आणि त्या भिंतीवर स्विचबोर्ड नाही ना ते बघून घ्या.

गॅरेजचं वेगळं घ्या हो! गाडी, पेट्रोल, रंगाचे डबे सगळं तिकडेच असतं, म्हणून बऱ्याच ठिकाणी तिथे आगरोधक दार लागतंच, तुमच्या आर्किटेक्टला नियम विचारा. ३० मिनिटांचं, ६० मिनिटांचं असं मिळतं. ते चौकट, बिजागरी, कुलूप सगळ्यासकट तपासलेलं असतं, त्यामुळे नुसता पल्ला आणून तुमच्या आत्ताच्या चौकटीत बसवून भागणार नाही, चौकटीसकट सेट घ्यावा लागेल. कडेला एक पट्टी असते, ती उष्णतेने फुगून फट बंद करते, सुतारकाकांना आधीच सांगा तिला हात लावायचा नाही आणि दारावर रंधा पण नाही. वर डोअर क्लोजर (दार आपोआप लावून घेतो तो) लावा, उघडं राहिलेलं आगरोधक दार काही कामाचं नाही.

---

धागाकर्ती:

बरं झालं विचारलं, यादीत ते साध्या फ्लश डोअरमध्येच टाकलं होतं. खोडलं. चित्रं भाऊ काढतोय, दारं आली की लिहितेच, आणि दारं आल्यावर बसेपर्यंत ती भिंतीला टेकवून ठेवली तर चालेल ना, जागा तेवढीच आहे?

---

प्रतिसाद:

नको, बाक येईल. खाली सारख्या उंचीच्या तीन पट्ट्या टाकून एकावर एक आडवी रचा, ओल्या गिलाव्याच्या खोलीत तर अजिबात नको.