दहा वर्षांनी आपली फाइल उघडेल का? मुक्त सॉफ्टवेअरचा विचार या प्रश्नापासून व्हावा

कोरा कागद (धागाकर्ता)

मुक्त सॉफ्टवेअरचा विषय निघाला की चर्चा बहुतेक वेळा दोन मुद्द्यांपाशी येऊन थांबते: ते विनामूल्य मिळते, आणि ते वापरायला त्रासदायक असते. माझ्या दृष्टीने हे दोन्ही मुद्दे दुय्यम आहेत. आपण ज्या साधनांवर रोज लिहितो, हिशेब ठेवतो, छायाचित्रे साठवतो, ती साधने बनवणाऱ्याने उद्या अंग काढून घेतले तर आपण केलेल्या कामाचे काय होईल, हा प्रश्न मला त्यांपेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

या चळवळीचा उगमही एका रोजच्या अडचणीतच आहे. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतील जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की छपाईची वाट पाहणाऱ्यांना आपोआप निरोप जावा, अशी सोय रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये करून ठेवली होती. पुढे नवा लेझर प्रिंटर आला. तोही अडकत असे, पण त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, मिळेना. ज्याच्याकडे तो होता, त्याने गुप्ततेच्या कराराकडे बोट दाखवून नकार दिला. दुरुस्ती करू शकणारा माणूस समोर असूनही अडचण तशीच राहिली. सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी ग्नू या मुक्त संगणकप्रणालीच्या प्रकल्पाची घोषणा केली, त्यामागे हाही अनुभव होता. प्रोग्राम हव्या त्या कामासाठी चालवणे, त्याचा अभ्यास करून तो बदलणे, त्याच्या प्रती वाटणे आणि बदललेल्या प्रतीही वाटणे, ही चार स्वातंत्र्ये वापरणाऱ्याला असावीत, एवढीच त्यांची मागणी होती.

आज परिस्थिती अधिक बिकट आहे, कारण विकत घेतलेली वस्तूही आता निर्मात्याच्या मर्जीवर आपल्याजवळ राहते. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने लोकांच्या किंडलवरून काही पुस्तके परस्पर पुसून टाकली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते हे खरे, आणि पैसेही परत मिळाले, पण वाचकाच्या यंत्रात त्याला न विचारता हात घालता येतो हे त्या दिवशी सर्वांना दिसले. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा तेथून घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली. अडोबीने २०१३ मध्ये आपल्या प्रमुख प्रोग्रामांच्या नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीवर देण्याचा निर्णय जाहीर केला. वर्गणी थांबली की ज्या प्रोग्रामवर काम केले तोच बंद होतो.

म्हणून माझा किमान आग्रह असा आहे की, आपला मजकूर खुल्या स्वरूपात साठवलेला असावा. लिबरऑफिस या मुक्त लेखन-प्रोग्राममध्ये लिहिलेली ओडीटी फाइल घ्या, तिच्या नावाचा शेवट '.odt' ऐवजी '.zip' असा करा आणि उघडा. आत 'कंटेंट' नावाची एक्सएमएल, म्हणजे खुणा घातलेल्या साध्या मजकुराची, फाइल सापडेल. ती साध्या नोटपॅडमध्ये उघडली तरी खुणांच्या गर्दीत तुमची वाक्ये जशीच्या तशी वाचता येतात. उद्या लिबरऑफिस नाहीसे झाले, तरी ही वाक्ये बाहेर काढणारा छोटा प्रोग्राम कोणताही बऱ्यापैकी जाणकार एका दिवसात लिहील. हे स्वरूप २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्याचा तपशील सर्वांना खुला आहे. रोजच्या वापरातील प्रत्येक साधनाकडून आपण इतकी अपेक्षा का करू नये?

हिशेबनीस

मी आपल्याशी असहमत आहे, आणि माझी असहमती आळसातून आलेली नाही. आपण दिलेले ओडीटीचे उदाहरण खरे आहे, पण एकतर्फी आहे. वर्डची डॉक्सएक्स फाइलही झिपच आहे, तिच्या आतही एक्सएमएलच असते, आणि तिचे स्वरूपही २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाले. आपली कसोटी लावली तर मी वापरतो ते सशुल्क साधनही उत्तीर्ण होते. मग आग्रह नेमका कशाचा आहे?

माझे काम तक्त्यांचे आहे. एका कार्यपुस्तिकेत असंख्य सूत्रे, एकमेकांवर अवलंबून असलेली पाने आणि अनेकांनी वेळोवेळी लिहिलेले मॅक्रो (तक्त्यातली कामे आपोआप करणारे छोटे प्रोग्राम) असतात. ती मुक्त प्रोग्राममध्ये उघडली की वरवर सर्व काही ठीक दिसते. मग एखादा मॅक्रो अर्ध्यावर थांबतो, एखाद्या स्तंभातील तारखेत दिवस आणि महिना यांची अदलाबदल झालेली असते, आणि ही गोष्ट बेरीज चुकल्यावर लक्षात येते. अशा वेळी चार स्वातंत्र्ये मला उपयोगी पडत नाहीत. मी प्रोग्रामर नाही. कोड बदलण्याचा हक्क मिळाला तरी तो मी बजावू शकत नाही. मला हवा असतो फोन उचलणारा माणूस, आणि त्याचा पगार कोणीतरी द्यावा लागतो.

म्युनिकच्या नगर प्रशासनाचे उदाहरण सर्वांना ठाऊक असेल. त्यांनी २००३ मध्ये लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीकडे जाण्याचे ठरवले, सुमारे १५,००० संगणक बदलले, आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. एवढ्या मोठ्या संस्थेला जे पेलले नाही, ते सामान्य वापरकर्त्याने खांद्यावर घ्यावे असे आपण कोणत्या आधारावर सांगता?

मुंगी

हिशेबनीस यांनी म्युनिकचे उदाहरण दिले आहे, म्हणून त्याची दुसरी बाजूही मांडतो. फ्रान्सच्या जाँदार्मरी या पोलीस दलानेही हाच मार्ग धरला, पण तेथील क्रम वेगळा होता. प्रथम २००५ च्या सुमारास ओपनऑफिस हा मुक्त कार्यालयीन प्रोग्रामसंच आला, त्यानंतर फायरफॉक्स हा ब्राउझर आणि थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्राम आले, आणि माणसांचा हात या प्रोग्रामांवर बसल्यानंतर, २००८ पासून, त्यांच्याखालची प्रणाली बदलून उबुंटू ही लिनक्स प्रणाली आणली गेली. रोज दिसणारी खिडकी तीच राहिल्यामुळे प्रणाली बदलल्याचा धक्का पुष्कळ कमी झाला. म्युनिकच्या माघारीमागे राजकारण, कारभाराची रचना आणि तंत्र यांचा वाटा किती, याबद्दल आजही वाद आहे. एका शहराच्या निर्णयावरून संपूर्ण कल्पनेचा निकाल लावता येणार नाही.

'कोड बदलण्याचा हक्क मी बजावू शकत नाही' हा मुद्दा मात्र मला मुळातच पटत नाही. हा हक्क प्रत्येकाने स्वतः बजावायचा नसतो. आपल्या वतीने दुसऱ्या कोणाला तरी तो बजावता यावा, यासाठी तो असतो. ब्लेंडरचेच पाहा. हा त्रिमितीय चित्रांचा प्रोग्राम बनवणारी कंपनी २००२ मध्ये बंद पडली. टोन रोझेंडाल यांनी गुंतवणूकदारांकडून कोड सोडवण्यासाठी वर्गणीचे आवाहन केले, सात आठवड्यांत १,००,००० युरो जमले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तो कोड जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली सर्वांना मिळाला. २०२५ मध्ये ज्या अ‍ॅनिमेशनपटाला ऑस्कर मिळाले, तो ब्लेंडरमध्ये बनला होता. वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाला कोड लिहिता येत असेल असे थोडेच आहे? तरीही साधन वाचले ते त्यांच्यामुळेच.

दिवाबत्ती

मी मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या बाजूने बोलतो, आणि तरीही धागाकर्त्यांचे चित्र मला अपुरे वाटते. 'कोणीतरी दुरुस्त करील' या वाक्यातील तो कोणीतरी बहुधा एकटा, बिनपगारी आणि थकलेला माणूस असतो. २०१४ मध्ये इंटरनेटवरील देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या मुक्त साधनातील हार्टब्लीड हा दोष उघड झाला, तेव्हा कळले की इंटरनेटवरील असंख्य व्यवहार ज्या कोडवर विसंबून होते, तो मोजकीच माणसे तुटपुंज्या निधीवर सांभाळत होती. तो दोष सर्वांना दिसू शकेल अशा कोडमध्ये दोन वर्षे बसून होता.

एक्सझेड प्रकरण त्याहून गंभीर आहे. फाइली आकुंचित करणारे हे छोटे साधन जवळजवळ प्रत्येक लिनक्स प्रणालीत असते, आणि ते एकच माणूस सांभाळत होता. तो थकल्याचे त्याने स्वतः सांगितले होते. त्याच्यावर इतर काही खात्यांवरून तक्रारींचा दबाव आणला गेला, आणि दोनेक वर्षे नेकीने काम करत असल्याचे भासवणाऱ्या एका टोपणनावाच्या व्यक्तीने ते साधन सांभाळण्याचे अधिकार मिळवून २०२४ मध्ये त्यात चोरदार, म्हणजे आत शिरण्याची गुप्त वाट, बसवले. कोड खुला ठेवला की सुरक्षितता आपोआप येते, असे यानंतर कोणी म्हणू नये.

कोरा कागद

दिवाबत्ती यांच्या वेदनेशी मी सहमत आहे, परंतु ते चोरदार सापडले कसे, हेही सांगितले पाहिजे. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेएसक्यूएल या मुक्त डेटाबेसवर काम करणाऱ्या अभियंत्याच्या लक्षात आले की एसएसएचने (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याच्या साधनाने) प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे आणि प्रोसेसरवर अकारण भार पडतो आहे. त्याने त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढत काढत मूळ गाठले, मार्च २०२४ च्या अखेरीस जाहीर इशारा दिला, आणि बहुतेक स्थिर प्रणालींपर्यंत ती आवृत्ती पोहोचण्याआधीच ती मागे घेतली गेली. त्याने कोणाची परवानगी मागितली नाही, कारण ती लागत नव्हती. बंद प्रोग्राममधील अर्धा सेकंद कोणाला एवढा खोलवर तपासता आला असता?

दिवाबत्ती

आपण सांगितलेला घटनाक्रम बरोबर आहे, पण निष्कर्ष जास्त ताणला आहे. त्या चोरदाराचा कळीचा भाग कोडच्या उघड्या भांडारात वाचता येईल असा ठेवलेलाच नव्हता. चाचणीसाठी ठेवलेल्या, वाचता न येणाऱ्या फाइलींत तो दडवलेला होता, आणि तो जागा करणारी ओळ केवळ वापरासाठी प्रकाशित केलेल्या फाइलींच्या गठ्ठ्यात घातली होती. भांडारातील कोड वाचणाऱ्याला ती दिसलीच नसती. एका चिकाटीच्या माणसाला योग्य वेळी शंका आली, ही आपली सुरक्षाव्यवस्था होऊ शकत नाही. मी मुक्त सॉफ्टवेअर सोडा असे म्हणत नाही. जे ते फुकट वापरून व्यवसाय करतात, त्यांनी ते सांभाळणाऱ्यांना पगार द्यावा, आणि हा खर्च स्वातंत्र्याच्या हिशेबात आधीच धरावा, असे माझे म्हणणे आहे.

श्रोता

मी पडदा पाहू शकत नाही. संगणक मला वाचून दाखवतो. एनव्हीडीए हा पडदा-वाचक ऑस्ट्रेलियातील मायकल करन यांनी २००६ मध्ये लिहायला घेतला. ते स्वतः अंध आहेत. सशुल्क पडदा-वाचकांच्या किमती अनेक अंध व्यक्तींच्या आवाक्याबाहेर होत्या, आणि डोळसांना जे साधन संगणकासोबतच मिळते त्यासाठी आम्ही वेगळे पैसे मोजावेत हे त्यांना अन्यायाचे वाटले. त्यामुळे 'विनामूल्य असणे दुय्यम आहे' हे धागाकर्त्यांचे पहिले विधान मला मान्य नाही. माझ्यासारख्या अनेकांसाठी तेच पहिले आहे.

मात्र एनव्हीडीए चालतो विंडोजवर. मुक्त पडदा-वाचक बंद प्रणालीवर चालवणारा मी शुद्धतेच्या परीक्षेत नापास होईन, पण माझे काम होते. उलट कितीतरी मुक्त प्रोग्रामांमध्ये बटणांना नावे नसतात; 'बटण', 'बटण', 'बटण' एवढेच ऐकू येते आणि कोणते दाबावे ते कळत नाही. सुगम्यतेचे काम शेवटी, वेळ उरला तर, करायचे असते ही समजूत बंद आणि मुक्त अशा दोन्हीकडे आहे. कोड खुला असल्यामुळे ती बटणे आमच्यातलाच कोणी दुरुस्त करू शकतो आणि अनेकदा करतोही, हा फरक मी मान्य करतो.

हिशेबनीस

श्रोता यांच्या प्रतिसादाने माझाच मुद्दा अधिक नेमका झाला: साधन कोणत्या तत्त्वाचे आहे यापेक्षा ते कामाला येते का, हे आधी पाहावे. शिवाय आता बहुतेक काम ब्राउझरमध्ये चालते. फाइल माझ्या संगणकावर नसतेच. ती सेवा देणाऱ्याच्या सर्व्हरवर असते. त्या सर्व्हरवर मुक्त सॉफ्टवेअर आहे की नाही, याने मला काय फरक पडतो?

कोरा कागद

याच कारणासाठी मी प्रोग्रामपेक्षा फाइलीच्या स्वरूपावर भर दिला. सोर्स कोड देण्याची जीपीएल परवान्याची अट प्रत वाटल्यावर लागू होते. सर्व्हरवर स्वतःपुरता प्रोग्राम चालवणाऱ्याला ती बांधत नाही. ही पळवाट बुजवण्यासाठी २००७ मध्ये ग्नू एजीपीएल हा परवाना आला, पण तो सर्वत्र वापरला जाईल अशी आशा करणे भाबडेपणाचे होईल. तेथे वापरणाऱ्याचे खरे संरक्षण म्हणजे आपला मजकूर पूर्णपणे आणि वाचता येईल अशा स्वरूपात बाहेर काढण्याची सोय. युरोपीय संघाच्या मे २०१८ पासून लागू झालेल्या विदासंरक्षण नियमांत वैयक्तिक विदेपुरता असा हक्क कायद्यानेच दिला आहे.

डॉक्सएक्सबद्दल आपण म्हणता ते मला मान्य आहे: ते स्वरूपही उघडून वाचता येते, आणि ही चांगलीच गोष्ट आहे. माझी तक्रार आपल्या प्रोग्रामशी नाही. वर्ष संपल्यावर ज्या वह्या बंद होतात, त्यांची एक प्रत सीएसव्ही या साध्या मजकुरातील तक्त्याच्या स्वरूपात आणि एक प्रत दीर्घकालीन जतनासाठी असलेल्या पीडीएफ/ए स्वरूपात काढून ठेवावी, एवढेच मी आपल्याला सुचवीन. चालू वर्षाचे काम आपल्या नेहमीच्या प्रोग्राममध्ये होऊ द्यावे.

हिशेबनीस

बंद झालेल्या वह्यांबद्दलची सूचना मला मान्य आहे आणि ती मी अमलातही आणीन. परंतु सीएसव्हीमध्ये केवळ आकडे उतरतात. तो आकडा कोणत्या सूत्राने आला, ते नाहीसे होते, आणि पीडीएफमध्ये तर फक्त चित्र उरते. दहा वर्षांनी मला कोणी विचारले की ही रक्कम कशी काढली, तर उत्तर मॅक्रोत असेल, आणि तो मॅक्रो चालवणारा प्रोग्राम एकाच कंपनीचा आहे. यावर आपल्याकडे उपाय असेल तर तो जरूर सांगावा. माझ्याकडे तरी आज नाही.

मुंगी

पूर्ण उपाय नाही, पण एक सुरुवात करता येईल. मॅक्रोचा मजकूर संपादकातून साध्या मजकूर-फाइलीत निर्यात करून त्याच वर्षाच्या संचात ठेवावा, आणि प्रत्येक मॅक्रोच्या वर, तो काय मोजतो हे दोन-तीन ओळींत लिहावे. तो मॅक्रो चालवता आला नाही तरी वाचता येईल, आणि वाचता आला तर तीच गणना दुसऱ्या भाषेत पुन्हा लिहिता येईल. सर्वांत गुंतागुंतीचा मॅक्रो कोणता आहे आणि तो काय करतो, हे आपण येथे लिहिलेत तर त्याच्यापासूनच प्रयत्न करून पाहू.