मदत हवी आहे: पोर्ट ऑफ स्पेनचा कार्निव्हल, सोबत आई-बाबा

नमस्कार मंडळी. पुढच्या कार्निव्हलला त्रिनिदादला जायचं ठरतंय. मी, नवरा आणि सत्तरीचे आई-बाबा. ॲश वेन्सडेच्या (ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होतो तो बुधवार) आधीच्या सोमवारी-मंगळवारी रस्त्यावरची मिरवणूक असते, पण माझा खरा जीव स्टीलपॅनमध्ये अडकलाय. तेलाच्या पिंपांपासून घडलेलं हे वाद्य याच बेटावर जन्मलं. क्वीन्स पार्क सवाना मैदानावर पॅनोरमाची, म्हणजे स्टीलपॅन वाद्यवृंदांच्या स्पर्धेची, अंतिम फेरी ऐकायचीच आहे. त्याआधी संध्याकाळी पॅनयार्डमध्ये (वाद्यवृंदांच्या सरावाच्या अंगणात) सराव चालतो, तो बाहेरच्यांना बसून ऐकू देतात ना? डेस्परॅडोज किंवा रेनिगेड्स या वाद्यवृंदांकडे कुणी गेलंय का?

राहायला वुडब्रुक बरं की सेंट ॲन्स? आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे चढ नको आणि रात्री परतताना खात्रीचं वाहन हवं. जुव्हे, म्हणजे कार्निव्हलची पहिली मिरवणूक, सोमवारी पहाटेच सुरू होतो. तिथे आम्ही दोघंच जाऊ. खाण्याची चिंता नाही, ‘बारा’ नावाच्या तळलेल्या मऊ पोळ्या आणि चणे यांचे डबल्स शाकाहारीच असतात.

बाबांना वॉटरलूचं समुद्रातलं देऊळ बघायचंय. १८४५पासून गिरमिटिया (करारावरचे भारतीय मजूर) म्हणून तिथे गेलेल्यांबद्दल त्यांना फार आस्था आहे. कॅरोनी दलदलीतले लाल आयबिस पक्षी संध्याकाळी परततात, म्हणून देऊळ आणि पक्षी एकाच दिवशी जमतील का? विश्वासू ड्रायव्हर कसा शोधलात, तेही सांगा.