मदत हवी आहे: रोमच्या पँथिऑनमध्ये ट्रायपॉडशिवाय घुमट आणि झरोका एकाच फोटोत

मंडळी, जूनमध्ये पँथिऑन या प्राचीन रोमन वास्तूचं आतून छायाचित्रण करायचं आहे. तिच्या घुमटाच्या माथ्यावर गोल उघडा झरोका आहे. घुमटाचा आतला व्यास आणि जमिनीपासूनची उंची, दोन्ही सुमारे ४३.३ मीटर. आत ट्रायपॉड चालत नाही, म्हणून हे विचारणं.

भिंतीला टेकून २४ मिमी लेन्स (फुल फ्रेम, म्हणजे ३६×२४ मिमी सेन्सर) लावून कॅमेरा उभा धरला की उभ्या दिशेत सुमारे ७४ अंशांचा दृश्यकोन मिळतो. फरशीपासून झरोक्याच्या अलीकडच्या काठापर्यंत साधारण ७१ लागतात, म्हणजे जेमतेम बसतं. पण कॅमेरा वर झुकवावा लागतो आणि खांब आत कलतात. सॉफ्टवेअरमध्ये सरळ केले तर वरचा भाग ताणला जाऊन गोल झरोका अंडाकृती होतो! १४ मिमी घ्यावी, की २४ नेच तीन-चार फोटो जोडावेत? हातात धरून काढलेले फोटो जोडताना पॅरॅलॅक्समुळे (कॅमेरा जागेवरून सरकला की जवळच्या वस्तू दूरच्यांच्या तुलनेत सरकलेल्या दिसतात) जवळच्या कठड्यांचे सांधे चुकतात, घुमटाच्या आतले दूरचे चौकोनी खण मात्र नीट जुळतात.

दुसरं, उजेड. जूनमध्ये सूर्य सर्वांत उंचावर येतो तो घड्याळात दुपारी सव्वाच्या सुमारास, आणि कवडसा थेट फरशीवर पडतो. झरोक्यातलं आकाश राखलं तर खण काळे पडतात. दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड) फरकाने तीन फोटो एकत्र करायला घेतले तर सर्वांत उजळ फोटोचा शटर १/८ सेकंदावर जातो, हात हलतो, शिवाय हलणाऱ्या माणसांच्या भुतासारख्या पुसट प्रतिमा उमटतात. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० वर एकच रॉ (सेन्सरची मूळ माहिती जपणारी फाइल) घेऊन नंतर सॉफ्टवेअरमध्ये सावल्या उजळणं बरं का? खणांच्या सपाट काँक्रीटवर दाणे फार दिसतील अशी शंका आहे. प्रत्यक्ष काढलेल्यांनी सेटिंगसह सांगावं.