केंटकी १८९९ : मंडळाचा कौल टेलर यांनाच होता
अमेरिकेतील केंटकी राज्याच्या गव्हर्नरपदासाठी १८९९ मध्ये डेमोक्रॅट गोबेल आणि रिपब्लिकन टेलर यांच्यात लढत झाली. गोबेल यांनी १८९८ च्या कायद्याने निकाल ठरवणारे निवडणूक मंडळ आपल्या पक्षाच्या मुठीत आणले, असे म्हणतात ते बरोबरच आहे. पण त्याच मंडळाने त्यांना गव्हर्नरपद बहाल केले, हे म्हणणे मात्र खरे नाही. मंडळाचे तिन्ही सदस्य डेमोक्रॅट असूनही त्यांनी दोन विरुद्ध एक मतांनी रिपब्लिकन टेलर यांना विजयी ठरवले आणि १२ डिसेंबर १८९९ रोजी टेलर यांनी शपथही घेतली. निकाल गोबेल यांच्या बाजूने फिरला तो पुढे विधिमंडळात. तिथे निकालाविरुद्धच्या तक्रारीच्या चौकशीसाठी चिठ्ठ्या टाकून अकरा जणांची समिती निवडली गेली आणि तिच्यात रिपब्लिकन निघाला अवघा एक! त्या चिठ्ठ्यांवर माझा तरी विश्वास बसत नाही.

तरीही ३० जानेवारी १९०० च्या सकाळी विधानभवनाकडे चालत निघालेल्या गोबेल यांच्यावर शेजारच्या सरकारी इमारतीतून गोळी झाडली गेली, याचे समर्थन कशानेच होत नाही. विधिमंडळाने त्यांना विजयी ठरवल्यावर दुसऱ्या दिवशी अंथरुणावरच त्यांना गव्हर्नरपदाची शपथ देण्यात आली आणि ३ फेब्रुवारीला ते वारले. टेलर यांचा दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सार्वजनिक पद ही मालमत्ता नव्हे, असे सांगून न्यायालयाने मे १९०० मध्ये हस्तक्षेप नाकारला, आणि गोबेल यांच्यासोबत उपगव्हर्नरपदासाठी उभे असलेले आणि त्यांच्या मृत्यूनंतर गव्हर्नर झालेले बेकहॅम त्या पदी कायम राहिले.