शेवटच्या सेमिस्टरला ‘स्वयम’ नको
पदवीसाठी कमी पडलेले क्रेडिट (विषयांना मिळणारे श्रेयांक) ‘स्वयम’वर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर, घरबसल्या भरून निघतात, असं बरेच जण सांगतात. निघतात, पण शेवटच्या सेमिस्टरला तो जुगार नको. कॉलेजातच शिकवला नि तपासला जाणारा विषय बरा, कंटाळवाणा का असेना. मला धुळ्यात दोन क्रेडिट कमी होते म्हणून ‘स्वयम’वरचा एनपीटीईएलचा (आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन कोर्सचा उपक्रम) ८ आठवड्यांचा कोर्स घेतला. व्हिडिओ फुकट, परीक्षेची नोंदणी मात्र वेगळी, पैसे भरून. शिवाय असाइनमेंटला २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० असे दोन्हीकडे वेगवेगळे लागतात.

पास झालो हो! पण सर्टिफिकेट हातात येईस्तोवर कॉलेजची क्रेडिटची यादी विद्यापीठात गेली होती. खिडकीवरचे भाऊ मान वर न करता म्हणाले, “आते पुढला टाइमले या.”