मदत हवी आहे: साखर कंपनी सुटली, मग रेल्वेवाले कसे सापडले?

नमस्कार मंडळी,

टी.वाय.बी.ए.ला अमेरिकेचा इतिहास शिकवते. मक्तेदारीविरोधी कायद्यांच्या धड्यात एका जागी अडले आहे. कायद्याचे जाणकार इथे आहेत म्हणून विचारते.

राज्याराज्यांतल्या व्यापारात आडकाठी आणणारे करार आणि ट्रस्ट (म्हणजे एका हाताखाली एकवटलेल्या कंपन्या) १८९० च्या शर्मन कायद्याने बेकायदेशीर ठरवले. तरी १८९५ साली सरकार सर्वोच्च न्यायालयात हरलं. अमेरिकन शुगर रिफायनिंग कंपनीने फिलाडेल्फियातले चार कारखाने घेतले आणि देशातलं सुमारे ९८ टक्के साखर शुद्धीकरण तिच्या हाती गेलं. न्यायालय म्हणालं, हे उत्पादन झालं, व्यापार नव्हे. त्याचं राज्यांनी बघावं. एकट्या न्यायमूर्ती हार्लन यांचं मत वेगळं पडलं.

मग १९०४ चा नॉर्दर्न सिक्युरिटीज खटला. बँकर मॉर्गन आणि रेल्वेमालक हिल यांनी दोन स्पर्धक रेल्वेंचे शेअर एका कंपनीत आणले होते. शेअर बाळगणं हाही व्यापार नव्हेच, असा बचाव झाला. तरी ५ विरुद्ध ४ मतांनी सरकार जिंकलं, आणि मुख्य निकालपत्र त्याच हार्लन यांचं! साखरेचा निकाल मात्र तसाच उभा.

'थिओडोर रूझवेल्ट आले' एवढ्यावर पाठ्यपुस्तकं भागवतात. मला ते पटत नाही. त्यांनीच नेमलेले न्यायमूर्ती होम्स सरकारच्या विरुद्ध गेले होते. अध्यक्षाने मनावर घेतलं तर खटला उभा राहील, पण निकाल कसा फिरेल? मधल्या नऊ वर्षांत काय घडलं?

शिवाय, पुलमन या रेल्वे कामगारांच्या संपाचे पुढारी युजीन डेब्स यांची शिक्षाही १८९५ मध्येच कायम झाली. मालकांना सोडणाऱ्या कायद्यानेच कामगारांना तुरुंगात टाकलं, असं वर्गात सांगितलं तर चालेल?

प्रतिसाद:

ताई, १८९७ आणि १८९९ चे दोन निकाल बघा. ट्रान्स-मिसूरी खटल्यात १८ रेल्वे कंपन्यांनी मिळून भाडी ठरवली होती. ती वाजवी आहेत, हा बचाव न्यायालयाने मानला नाही. पण तुमच्या प्रश्नाची खरी किल्ली अ‍ॅडिस्टन पाइप खटल्यात आहे. लोखंडी पाइप बनवणाऱ्या सहा कंपन्या कोणती निविदा कोणी घ्यायची ते आपसात आधीच ठरवत. होते कारखानदारच, पण करार परराज्यांतल्या विक्रीचा होता, म्हणून सापडले. साखरेचा निकाल न मोडता त्याला वळसा घातला गेला. रेल्वेचा तर धंदाच राज्याराज्यांत माल नेण्याचा. खालच्या कोर्टात पाइप खटल्याचा निकाल टाफ्ट यांनी लिहिला, जे पुढे अध्यक्ष झाले. तो जरूर वाचा.

डेब्सबाबत जपून. शर्मन कायद्याचा आधार खालच्या कोर्टाने घेतला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्यावर मत न देता, टपाल आणि आंतरराज्य व्यापारावरच्या केंद्राच्या अधिकारावर शिक्षा कायम केली. कामगार संघटनेला हा कायदा लागू पडतो हे त्या न्यायालयाने १९०८ मध्ये, डॅनबरीच्या टोपी कामगारांच्या खटल्यात ठरवलं. वर्गात तो दाखला द्या.

धागाकर्ती:

मनापासून आभार. १९१४ च्या क्लेटन या पुढच्या मक्तेदारीविरोधी कायद्यात 'माणसाचे श्रम ही विकाऊ वस्तू नव्हे' हे कलम का घालावं लागलं, तेही आता उलगडलं. टाफ्ट यांचा निकाल मिळवून वाचते. काही अडलं तर इथेच विचारेन.