सत्राच्या सुरुवातीला पुरेसे वाटणारे पैसे सत्र संपण्याआधीच का संपतात?

प्रश्न – द्वितीय वर्ष

मी पदवीच्या दुसऱ्या वर्षात शिकते आणि वसतिगृहात राहते. शिष्यवृत्ती आणि घरून मिळणारी रक्कम मिळून माझ्याकडे सत्राच्या आरंभीच जवळजवळ सगळे पैसे येतात. त्यानंतर सुमारे २० आठवडे दुसरे काही येत नाही. मागच्या तिन्ही सत्रांत चौदाव्या-पंधराव्या आठवड्याच्या सुमारास खाते रिकामे झाले आणि उरलेले दिवस मैत्रिणींकडून हातउसने घेऊन काढावे लागले. मी उधळपट्टी करते असे मला प्रामाणिकपणे वाटत नाही. दोन महिने मोबाइलमधील ॲपवर प्रत्येक खर्चाची नोंद ठेवून पाहिली, तेव्हा पैसे कुठे गेले हे कळले, पण जायचे थांबले नाहीत. उत्पन्नाचा ५० टक्के भाग गरजांवर, ३० टक्के हौसेवर खर्च करावा आणि २० टक्के बचतीत टाकावा, हा सर्वत्र सांगितला जाणारा नियमही लावून पाहिला, परंतु माझे राहणे आणि जेवण एवढ्यातच निम्म्याहून अधिक रक्कम जाते. माझे नेमके कुठे चुकत आहे?

उत्तर – लेखाशाखा

तुम्ही सांगितलेला नियम दरमहा ठरावीक पगार मिळवणाऱ्यांच्या सोयीचा आहे. पाच महिन्यांचे पैसे एकदम हाती येणाऱ्या विद्यार्थ्याला तो लागू पडत नाही, आणि तो पाळता आला नाही म्हणून स्वतःला दोष देण्याचे काहीच कारण नाही.

माझ्या मते खरी अडचण खात्यात दिसणाऱ्या आकड्यात आहे. दुसऱ्या आठवड्यात तुम्ही शिल्लक पाहता तेव्हा तिच्यात सतराव्या आठवड्यात भरायचे परीक्षा शुल्कही असते, सुट्टीत घरी जाण्याचे भाडेही असते आणि अजून विकत न घेतलेली पुस्तकेही असतात. तरीही तो सगळा आकडा आपलाच आहे असे मन धरून चालते. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरे, पण तुम्हाला जे अंथरूण दिसते त्याचा बराचसा भाग आधीच दुसऱ्या कामासाठी लागलेला असतो.

म्हणून खर्चाचे गरज आणि हौस असे भाग पाडण्याऐवजी तो केव्हा येतो यावरून भाग पाडा. राहणे, जेवण, मोबाइलचे बिल हे दरमहा ठरलेले खर्च झाले. दररोजचा किरकोळ खर्च हा दुसरा प्रकार. यांच्या मध्ये तिसरा प्रकार असतो आणि विद्यार्थ्यांचे अंदाजपत्रक बहुतेक वेळा त्याच्यामुळेच कोलमडते: जे खर्च येणार हे निश्चित असते, पण दर महिन्याला येत नाहीत. परीक्षा शुल्क, प्रकल्पाची छपाई आणि बांधणी, चष्म्याचा नवा क्रमांक, दाताचे दुखणे, चार्जर बिघडणे, वर्षातून एकदा आपोआप नूतनीकरण होणारी एखादी वर्गणी. यांपैकी प्रत्येक खर्च आला की आपण ‘या वेळी अचानक आले’ असे म्हणतो, पण वर्षभराचे खाते उतरवून पाहिले तर त्यात अचानक असे फारच थोडे निघते. ही यादी आठवणीवर विसंबून करू नका. बँकेचे मागच्या १२ महिन्यांचे विवरण समोर ठेवून करा, कारण स्मरणातून नेमके हेच खर्च निसटतात.

यादी झाली की पैसे आल्याच्या दिवशीच त्या खर्चांची रक्कम दुसऱ्या खात्यात हलवा आणि त्या खात्याचे कार्ड खोलीबाहेर नेऊ नका. दरमहाचे ठरलेले खर्चही तिथेच ठेवता येतील. आता जे उरेल त्याला आठवड्यांच्या संख्येने भागा आणि तेवढीच रक्कम दर सोमवारी रोजच्या खात्यात आपोआप यावी अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. मी मुद्दाम सोमवार सुचवतो, कारण मग सुट्टीचे दिवस आठवड्याच्या शेवटी येतात आणि किती उरले आहे हे ठाऊक असताना ते येतात; शुक्रवारी पैसे आले तर दोन दिवसांत संपून पुढचे पाच दिवस कोरडे जाण्याचीच शक्यता अधिक.

दोन्ही खात्यांतले पैसे शेवटी आपलेच, मग वेगळे ठेवून काय साधते, असे वाटू शकते. माणूस मनातल्या मनात पैशांची निरनिराळी खाती मांडतो आणि एका खात्यातले पैसे दुसऱ्यासाठी सहज वापरत नाही, हे रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिले. त्यांना २०१७ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. या सवयीमुळे कधी कधी आपले नुकसानही होते, पण इथे ती आपल्या बाजूने वापरता येते.

उत्तर – नोंदवही

वरील मांडणी मला मान्य आहे. मात्र नोंद ठेवण्याचा उपयोग नाही असा अर्थ त्यातून कोणी काढू नये. प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी नोंद ठेवली ती खर्च झाल्यानंतर, आणि तीही ॲपने आपोआप वर्गवारी करून दिलेली. अशी नोंद म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीचा अहवाल असतो. जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार स्त्रीने १९०४ मध्ये घरखर्चाची वही प्रसिद्ध केली, तिला तिकडे काकेइबो म्हणतात. या पद्धतीत महिना सुरू होण्याआधीच किती येणार, किती ठरलेले आहे आणि किती बाजूला ठेवायचे ते हाताने लिहायचे असते आणि महिनाअखेर त्याच्याशी प्रत्यक्ष खर्च ताडून पाहायचा असतो. हाताने लिहिण्याला वेळ लागतो, आणि मला त्यातला हा विलंबच मोलाचा वाटतो.

पैसे देताना ते जाणवणे आवश्यक असते. ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितले होते. ज्यांना क्रेडिट कार्डाने पैसे द्यायचे होते त्यांची बोली रोख देणाऱ्यांच्या बोलीपेक्षा बरीच जास्त निघाली. तिकीट तेच होते, केवळ पैसे देण्याची रीत वेगळी होती. म्हणून निदान आठवड्याच्या किरकोळ खर्चाची रक्कम काही काळ रोख काढून वापरून पाहावी, असे मी सुचवेन.

उत्तर – माजी विद्यार्थी

मला हातउसन्या पैशांविषयी लिहायचे आहे, कारण वरच्या दोन्ही उत्तरांत तो मुद्दा राहिला. तुम्ही मागच्या सत्राच्या शेवटी उसने घेतले असतील तर नवे पैसे आल्यावर आधी ते फेडले असणार. म्हणजे २० आठवड्यांचे म्हणून आलेले पैसे पहिल्याच दिवशी कदाचित १७ आठवड्यांचेच उरले, आणि म्हणून ते पुन्हा वेळेआधी संपले. माझे स्वतःचे सलग चार सत्रे असेच होत राहिले आणि मी मात्र दर वेळी माझ्या शिस्तीलाच बोल लावत राहिलो. हे चक्र एका सत्रात तुटत नसेल तर मैत्रिणींशी मोकळेपणाने बोलून परतफेड दोन सत्रांत वाटून घ्यावी. ठरलेली रक्कम ठरल्या दिवशी दिली तर नाते राखता येते. न बोलता टाळत राहण्याने ते अधिक दुखावते.

उसनवारीला कंटाळून क्रेडिट कार्डाकडे मात्र वळू नका. महिन्याला ३ टक्के व्याज ऐकायला लहान वाटते, पण चक्रवाढीने ते वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जाते. किमान देय रक्कम थकबाकीच्या ५ टक्के धरली तरी तिच्यातला निम्म्याहून अधिक भाग व्याजातच जातो, आणि नवा काहीही खर्च न करता वर्षभर न चुकता ती भरत राहिलात तरी मूळ थकबाकीचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग शिल्लकच असतो. शिवाय बहुतेक कार्डांवर एकदा थकबाकी राहिली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागू होते, ही अट फार थोडे जण वाचतात.

द्वितीय वर्ष

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. काल रात्री वर्षभराचे विवरण घेऊन बसले. एकूण रक्कम १०० भाग मानली तर राहणे आणि जेवण यांना ५५ भाग लागतात. आतापर्यंत मी उरलेल्या ४५ भागांना २० आठवड्यांनी भागून आठवड्याला सव्वादोन भाग हाताशी आहेत असे समजत होते. मात्र परीक्षा शुल्क, पुस्तके, दोनदा घरी जाणे आणि औषधपाणी यांचे मागच्या वर्षीचे आकडे मिळवले तेव्हा १७ भाग झाले, आणि खऱ्या अडचणीसाठी ८ भाग ठेवले तर आठवड्याला एकच भाग उरतो. माझा प्रत्यक्ष खर्च सरासरी १.६ भाग आहे. म्हणजे सत्रभरात १२ भागांची तूट येते, आणि ती मी केवळ काटकसरीने भरून काढू शकेन असे मला वाटत नाही.

उत्तर – लेखाशाखा

हा हिशोब अगदी योग्य आहे, आणि तो मांडताना तुम्हाला किती जड गेले असेल याची मला कल्पना आहे. १.६ वरून १.३ पर्यंत येणे काही सवयी बदलून जमण्याजोगे आहे. त्याने तूट निम्मी होईल. जुनी पुस्तके घेणे, ग्रंथालयातील प्रती आधीच राखून ठेवणे आणि न वापरल्या जाणाऱ्या वर्गण्या बंद करणे यांनी १७ भागांतूनही थोडे कमी करता येईल. त्यापलीकडची तूट आयकरापासून पगारापर्यंत कुठलाही हिशोब करणाऱ्या माणसाला ठाऊक असते तशी निव्वळ तूट आहे: जमा कमी आहे. ती जेवण कमी करून भरून काढण्याचा प्रयत्न कृपया करू नका. असे करणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत आणि त्याची किंमत अभ्यासाला आणि प्रकृतीला मोजावी लागते.

हा कागद घेऊन प्रथम घरी बोला. ‘पैसे पुरत नाहीत’ असे सांगण्यापेक्षा ‘परीक्षा शुल्क धरले की आठवड्याला एवढेच उरतात’ असे आकड्यांनिशी सांगितले तर घरच्यांनाही नेमके काय करता येईल ते ठरवता येते, आणि त्यांना वाढीव रक्कम देणे शक्य नसले तरी आहे तीच रक्कम दोन टप्प्यांत पाठवणे बहुधा शक्य असते. त्यानंतर महाविद्यालयाच्या विद्यार्थी साहाय्य विभागाकडे जा आणि शुल्क हप्त्यांनी भरण्याची मुभा किंवा अडचणीतील विद्यार्थ्यांसाठीचा निधी आहे का, याची चौकशी करा. सत्राच्या पहिल्या महिन्यातच विचारा. पंधराव्या आठवड्यात अशा निधीत फारसे काही उरलेले नसते. अर्धवेळ काम घ्यायचेच झाले तर ग्रंथालय किंवा प्रयोगशाळेसारखे महाविद्यालयातील काम आधी पाहा, कारण तिथे परीक्षेच्या दिवसांत सवलत मिळण्याची शक्यता अधिक असते, आणि तूट भरून निघेल एवढेच तास घ्या.

८ भागांच्या राखीव रकमेला मात्र हात लावू नका. पुढच्या सत्राच्या सुरुवातीला ती तशीच उरली असेल, तर नवे पैसे येण्याआधी कोणाकडे मागण्याची वेळ तुमच्यावर येणार नाही.